तसं काही वाईट नाही

३ ऑगस्ट

बटाटा बंद! आमच्या घरात! तीन पिढ्या बटाटे आणि साखरेचं बीट पिकवून जगलेलं घर हे — आणि आज माझ्या नवऱ्याने, व्हर्लिनने, ताट माझ्याकडे सरकवलं. "मार्लिस, उचल हे. आजपासून नाही." ब्रेड नाही, मका नाही, केक नाही, साखर तर नाहीच. मग खाणार काय? अंडी, मांस, लोणी, चीज, पालेभाजी. बरं बाबा.

कारण गुडघा. हाडांचा डॉक्टर काल तोंडावर म्हणाला, चाळीस पौंड उतरवा, मग गुडघा बदलू, या वजनावर सुरी लावणार नाही. गेल्या हंगामात बीटाच्या ट्रकमध्ये व्हर्लिनला दोघांनी मागून ढकलून चढवलं होतं. त्या दिवशी घरी आल्यावर तो कितीतरी वेळ गॅरेजमध्येच बसून राहिला. रडला असणार. मी विचारलं नाही. आमच्यात विचारत नाहीत.

हे कीटो आहाराचं खूळ माझ्या धाकट्या भावाचं, लाइलचं. साहेब गेल्या वर्षी असेच बारीक झाले, साखरेच्या सगळ्या गोळ्या सुटल्या, तेव्हापासून गावच्या कॅफेत बसून दिसेल त्याला प्रवचन चालू असतं.

६ ऑगस्ट

व्हर्लिनचं डोकं दुखतंय, पोटऱ्यांत गोळे येतायत, आणि माझ्यावर खेकसणं. लाइल म्हणतो, "कीटो फ्लू! सगळ्यांना होतो. मीठ घातलेलं हाडांचं सूप पाज." पाजलं. खेकसणं थांबलं नाही.

१७ ऑगस्ट

अकरा पौंड उतरले! व्हर्लिन काट्यावरून उतरेचना. लाइलने त्याच्या पाठीत थाप मारली. "काय सांगत होतो दाजी!"

क्लिनिकमधल्या आहारवाल्या बाईने मात्र हवा काढली. म्हणाली, हे बरंचसं पाणी आहे. शरीर थोडी साखर साठवून ठेवतं, पाण्यात भिजवून. ती संपली की पाणीही जातं. चरबी आता जळायला लागेल, आणि ती सावकाश जाते. भूक कमी लागते, म्हणून माणूस कमी खातो — निम्मी जादू तीच. मग मिठाचं सांगितलं, बद्धकोष्ठाचं सांगितलं, आणि दारापर्यंत येऊन म्हणाली, "तुमच्या साखरेच्या गोळ्यांचं डॉक्टरांशी नक्की बोलून घ्या. या आहारात काही गोळ्या बदलाव्या लागतात."

व्हर्लिनने मान हलवली. गाडीत मी विचारलं, बोलणार ना? "बोलेन की."

२ सप्टेंबर

आता नवीन खेळ — लघवीत बुडवायच्या पट्ट्या. चरबी जळली की पट्टी जांभळी होते म्हणे. जितकी गडद तितकं चांगलं. व्हर्लिन रोज सकाळी खिडकीशी उभा राहून पट्टी उजेडात धरतो. आज ती फ्रिजवर चिकटवायला निघाला होता. माझ्या फ्रिजवर! नातवंडांच्या चित्रांशेजारी! हाकललं.

१२ सप्टेंबर

त्याच्या तोंडाला नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा वास येतो. सांगितलं तर म्हणाला, "मग माझं चुंबन घेऊ नकोस." घेतलं!

२१ सप्टेंबर

शिडी चढला. एकटा. ट्रॅक्टरवर बसला आणि हॉर्न वाजवत राहिला, शेजारचे धावत आले, काय झालं म्हणून. मी पोर्चमध्ये उभी होते, हातात बटाट्याची टोपली. हसता हसता डोळ्यांतून पाणी कधी आलं कळलंच नाही.

विजारी सगळ्या ढगळ. कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं त्याने. नवीन घे म्हटलं तर, "अजून हा धड आहे." याच्या घरात काही टाकून देणं म्हणजे पाप. माझ्याही घरात तेच होतं म्हणा. लाइल तर आमच्या वडिलांची कवळी पण ठेवून बसलाय.

संध्याकाळी रेडिओवर पोल्का नाचाची धून लागली आणि व्हर्लिनने मला स्वयंपाकघरात फिरवलं. एकच गिरकी. पण फिरवलं!

५ ऑक्टोबर

बीटाचा हंगाम सुरू. व्हर्लिन ट्रक चालवतोय, स्वतः चढतो, स्वतः उतरतो. रस्त्यावर चिखल, हवेत तो मातीचा गोडसर वास. सुखी आहे माझा माणूस.

आता पाचच पौंड राहिले.

११ ऑक्टोबर

चर्चच्या तळघरात हंगामाचं जेवण होतं. पास्टरबाईंनी आग्रहाने केक वाढला आणि व्हर्लिनने खाल्ला. दोन तुकडे. काय ते तोंड! लहान मुलासारखं. लाइल दुसऱ्या टेबलावरून बघत होता, मानेनेच नाही-नाही करत. घरी येताना व्हर्लिन म्हणाला, "उद्यापासून परत कडक." कडक म्हणजे मग सकाळी नुसती कॉफी.

१५ ऑक्टोबर

दोन दिवस उलट्या. ट्रकवर गेला नाही. लाइलला फोन केला. "कीटो फ्लू परत आला असणार! केक खाल्ला ना? थांबून पुन्हा सुरू केलं की पुन्हा होतो. सूप पाज, मीठ जास्त घाल."

पाजलं. राहत नाही पोटात. साखर मोजायच्या यंत्रात आकडा चांगला आला — एकदम चांगला, तरण्या माणसाचा असावा तसा. पट्टी तर जवळजवळ काळी. व्हर्लिन उशीवर पडल्या पडल्या म्हणाला, "बघ, जळतंय." आम्ही दोघं खूश झालो. खूश!

गोळी घेतली त्याने सकाळी. मधुमेहाची, जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी. कधी चुकवत नाही. मीच आठवण करते.

१६ ऑक्टोबर

क्लिनिकमधून नर्सचा फोन आला, मीच कळवून ठेवलं होतं. नवीन मुलगी, दक्षिणेकडच्या कुठल्यातरी राज्यातली, बोलण्यावरून कळतं. फोन व्हर्लिनच्या कानाला लावला. तिने विचारलं, कसं वाटतंय.

"तसं काही वाईट नाही," म्हणाला.

इथे सगळे हेच म्हणतात. गारांनी पीक झोपलं — तसं काही वाईट नाही. यंत्रात बोट गेलं — तसं काही वाईट नाही. पीक भरघोस आलं तरी तेच! कुठलं कुठल्या अर्थाने हे आमचं आम्हाला कळतं, आवाजावरून. या वेळी आवाज गारांच्या दिवसाचा होता. पण त्या पोरीला काय कळणार? "छान! पाणी पीत राहा," म्हणाली आणि ठेवला.

मी पुन्हा फोन लावायला गेले तर म्हणाला, "कशाला लोकांना त्रास." नाही लावला.

१७ ऑक्टोबर

श्वास जोरजोरात चाललाय, धावून आल्यासारखा, आणि पडून आहे! नाव विचारलं तर चुकीचं सांगितलं. ॲम्ब्युलन्स बोलावली.

१८ ऑक्टोबर

हॉस्पिटल. रक्त आम्ल झालंय म्हणतात. मी त्यांना सांगत राहिले, अहो पण साखर चांगली होती, मी स्वतः मोजली! डॉक्टर म्हणाले, "म्हणूनच चकवा झाला." इन्सुलिनबरोबर नळीतून साखर सोडतायत. साखर! बाहेर या भागात जिकडे बघावं तिकडे बीटाचे डोंगर रचलेत, आणि माझ्या माणसाला थेंबाथेंबाने साखर देतायत.

१९ ऑक्टोबर

हृदय थकलं. सकाळीच. मी हात धरला होता. लाइल कॉफी आणायला गेला होता.

२३ ऑक्टोबर

पुरलं. तळघरात जेवण झालं — हॅमचे सँडविच, तीन तऱ्हेचे बटाटे, केक. लोक येत होते, विचारत होते, कशी आहेस मार्लिस. आणि मी तेच वाक्य म्हणत होते. प्रत्येकाला.

लाइलने सँडविचमधलं हॅम काढून खाल्लं आणि ब्रेड ताटात ठेवला. त्या ब्रेडकडे मी बघत राहिले. तिथेच ओरडले असते. त्याचं तोंड बघायचं नाही मला.

३० ऑक्टोबर

आमची मुलगी मिनियापोलिसला परत गेली. लाइल आला होता, मी खोलीतून बाहेर आले नाही. व्हर्लिनचे कपडे, टोप्या, न्हाणीघरातलं कपाट सगळं आवरून खोकी भरून घेऊन गेला. दारातून म्हणाला, "मार्लिस, मला काय माहीत होतं गं?"

तो गेल्यावर न्हाणीघरात गेले. दाढीचा ब्रशसुद्धा नाही. निदान तो तरी ठेवायचा मेल्याने.

६ नोव्हेंबर

लाइलचा फोन. नाही उचलला.

१३ नोव्हेंबर

आज चर्चमध्ये लेफ्साचा दिवस. दरवर्षी बटाट्याच्या कणकेच्या या पातळ पोळ्या आम्ही बायका लाटतो, आणि तव्यावर त्या लांब काठीने उलटायचं काम व्हर्लिनचं. उंच स्टुलावर बसून, फाटू न देता. आज काठी माझ्या हातात दिली. पहिलीच फाटली. फाटकी पोळी लोणी-साखर लावून उभ्याने खाल्ली आणि तिथेच रडले, सगळ्यांसमोर. एकीने दुसरी पोळी तव्यावर टाकली.

लाइल आला नव्हता. बरं वाटत नाही असं कुणीतरी म्हणालं. नसेल. मला काय.

२० नोव्हेंबर

क्लिनिकमध्ये गेले. डॉक्टरांनीच बोलावलं होतं. दार लावलं, समोर बसले, आणि शांतपणे सांगितलं.

आहार एकटा असता तर बहुतेक काही झालं नसतं. गोळी एकटी असती तरी नसतं. पण आहारात साखर-पीठ नाही, आणि वर ही गोळी अंगातली साखर बाहेर ओढतेय — शरीर उपाशी समजून चरबी नुसती जाळत सुटलं. त्यातून आम्ल तयार होतं, तेच पट्टीवर जांभळं दिसतं. थोडं असेल तर चालतं. त्यात उलट्या, पोट रिकामं — मग आवरत नाही. आणि साखरेचा आकडा चांगलाच दिसतो, म्हणून कुणाला कळत नाही. "आहार सुरू करण्याआधी ही गोळी बंद करायला हवी होती. त्यांनी मला सांगितलंच नाही."

नाहीच सांगितलं त्याने. "बोलेन की" म्हणाला होता. डॉक्टरांचा वेळ कशाला घ्यायचा! देवा, किती राग येतोय मला त्याचा. आणि किती आठवण येतेय.

निघताना डॉक्टर म्हणाले, उरलेल्या गोळ्या आणून द्या, आम्ही नष्ट करतो. घरी आले, न्हाणीघरातलं औषधांचं कपाट उघडलं. रिकामं. लाइलने फेकल्या असणार.

लाइल आणि फेकणार?

विचारायला हवं. पण त्याचा आवाज ऐकवणार नाही मला आज. उद्या करीन फोन.

२१ नोव्हेंबर

हॉस्पिटल. तीच खुर्ची.

सकाळी केला फोन. गोळ्या कुठायत? "माझ्याकडे आहेत. अर्धी बाटली होती गं, एवढी महागाची! माझी साखर जरा वाढली होती, म्हणून म्हटलं संपवून टाकू." बोलताना धाप लागत होती त्याला. विचारलं, लाइल, कसा आहेस तू?

"तसं काही वाईट नाही."

मी त्याला गाडीत कोंबून आणलं. इथे काउंटरवरच्या मुलीने त्याला तेच विचारलं, आणि त्याने तेच म्हणायला तोंड उघडलं. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. आणि ओरडले — आयुष्यात पहिल्यांदा, अनोळखी लोकांसमोर —

"वाईट आहे! फार वाईट आहे! माझा भाऊ आहे तो, आधी आत घ्या!"