कडुलिंबावरच्या तीन पाटलोणी

मु. पो. शहागड, ता. अंबड, जि. जालना
मार्गशीर्ष, १९९६

चिरंजीव भुजंगास,

तुझ्या अक्काने डोक्यावर हात ठेवला आहे असे समज आणि मगच पुढे वाच. पार्सल पोचले. त्यातून निघाले ते असे: पाण्यात घालायच्या पाटलोणी नग तीन. पैकी एक छातीपर्यंतची, काळपट हिरवी, जाड रबराची, बुटांसकट. दुसरी कमरेपर्यंतची, गुळाच्या रंगाची, तीही बुटांसकट. तिसरी नायलॉनची, हलकी, पावले मोज्यासारखी शिवून बंद केलेली, घोट्याशी दोऱ्या असलेली. शिवाय चिवड्याचा पुडा एक (फुटलेला, त्यामुळे तिन्ही पाटलोणींच्या पायांतून दोन दिवस शेंगदाणे निघत होते). यष्टीच्या पार्सलचे सव्वीस रुपये पडले आणि स्टँडवरून घरापर्यंत हमालाचे पाच. सात मागत होता. तू पैसे घेणार नाहीस हे मला ठाऊक आहे, पण आकडा कानावर असलेला बरा. गोणपाट आणि सुतळी मी ठेवून घेतली आहे.

तुझा खोकला कसा आहे? मुंबईची हवा ओली, त्यात तू दिवसभर बंदरावरच्या दुकानात जहाजांच्या दोरखंडांत बसलेला. तुळशीचा काढा घेत जा. चि. सौ. बेबीनंदाची कंबर कशी आहे ते कळव. इकडे आमचे पांडुरंगाच्या दयेने ठीक चालले आहे. ठीक म्हणजे आता ठीक आहे. मध्यंतरी नव्हते, तेच सांगायला हे पत्र.

फोनवर मी तुला नीट सांगितले नव्हते (मागे रांग होती, आणि एसटीडीवाल्याच्या त्या डब्यातले लाल आकडे पळू लागले की मला सुचत नाही). तुझे भाऊजी कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले तेव्हा त्यांचे इंजिनिअरसाहेब बदलून चालले होते. त्यांनी जाताना यांना आपली एकट्याने बसायची फायबरची होडी देऊन टाकली. निमुळती, दोन्ही टोकांना टोकदार. कयाक म्हणतात तिला. गावात तिला शेवग्याची शेंग म्हणतात. त्या शेंगेत पाय लांब करून बसायचे, दोन तोंडांचे वल्हे मारायचे आणि मध्यावर जाऊन गळ टाकायचा. होडी पाण्यात ढकलताना गुडघाभर चिखल, बसल्यावर बुडाशी साचलेले पाणी, वल्ह्यावरून मांडीवर ठिबकणारे पाणी ते वेगळेच. दोन वर्षांत यांचे गुडघे नारळासारखे सुजले. अंबडचे डॉक्टर म्हणाले, पाय कोरडे ठेवा, नाहीतर नदी सोडा. दसऱ्याला यांनी नदी सोडली.

आता तू म्हणशील, अक्का, तू तुळशीची माळ घालणारी, तुझ्या मनासारखेच झाले की. मलाही पहिले चार दिवस तसेच वाटले. मासा माझ्या उंबऱ्याच्या आत कधी आला नाही. जो सापडेल तो महेमूदभाईंच्या घरी जातो, कमरबी रांधते. (महेमूदभाई म्हणजे आमच्या खालच्या आळीचे, यांचे नदीवरचे जोडीदार. स्वतः काठावरून जाळे टाकतात, शेंगेत बसत नाहीत, म्हणतात जनाजा एकदाच उठावा.) तिथे हे किती "चाखतात" ते मी विचारलेले नाही. घरी येण्याआधी बाहेरच्या नळावर इतका वेळ चूळ भरतात आणि वर इतकी बडीशेप खातात की विचारायची गरजच पडत नाही. तर नदी सुटली आणि हे माझ्या स्वयंपाकघरात आले. अठ्ठावीस वर्षे कालव्याचे पाणी सोडलेला माणूस, तो माझ्या आमटीत पाणी किती सोडायचे ते सांगू लागला. डबे उंचीप्रमाणे लावले. हळदीच्या जागी मेथी आली. तेही चालले असते. पण पुढे पुढे बोलणेच बंद झाले. संध्याकाळी गच्चीवर जायचे, गोदावरीकडे तोंड करून बसायचे, जेवायला हाक मारली की खाली यायचे, ताटातले संपवायचे. बोलणारा नवरा परवडतो भुजंगा, गप्प बसलेला परवडत नाही. म्हणून तुला फोन केला, की पाय कोरडे राहतील असे तुमच्या बंदरावर काही मिळते का बघ.

तू लिहिलेस, तीन पाठवतो, एक पसंत करा, दोन परत पाठवा. यांना नायलॉनची आवडली, हलकी म्हणून. महेमूदभाईंनी छातीपर्यंतची उचलली, भारी म्हणून. मी म्हटले, थांबा. पाणी धरणारी वस्तू कशी पारखायची ते आमच्या माहेरी ठाऊक आहे.

केदारखेड्याच्या विहिरीवरची मोट तुला आठवते का रे? तू लहान होतास. बापू बैल धावेवरून उतारावर हाकायचे तेव्हा मोटेच्या नाड्यावर, त्या जाड दोरावर, त्यांच्या पुढ्यात बसायचा हट्ट करायचास, आणि मोट वर आली की तुझाच पराक्रम असल्यासारखा ओरडायचास. मोटेचे पाणी थारोळ्याच्या दगडी कुंडीत पडायचे तो आवाज आणि ओल्या चामड्याचा तो वास, एवढ्या वर्षांनी पार्सल उघडले तेव्हा रबराच्या वासातून मला अचानक तोच वास आला. खरे तर दोन्हींत काही सारखे नाही. पण मी पाटलोण हातात धरून बराच वेळ तशीच बसले (यांना वाटले मी शिलाई बघते आहे). नवी मोट घ्यायची म्हणजे बापू मला बरोबर घेऊन पुंजारामदादांकडे जायचे. ते मोटा शिवायचे. बापू किंमत विचारायचे नाहीत, शिवण बघायचे नाहीत. मोट पाण्याने भरायला लावायचे, बाभळीच्या फांदीला टांगायला लावायचे आणि खाली बसून आमची भाकरी सोडायचे. भाकरी संपली की मोटेच्या बुडाखाली तळहात फिरवायचे. हात कोरडा निघाला तर तोच हात कपाळाला लावायचे, सौदा झाला. ओला निघाला तर वस्तू वाईट आहे असे कधी म्हणाले नाहीत. म्हणायचे, "अजून रडून राह्यली बिचारी, तिला घरीच ठेव." मी मॅट्रिक झाले त्या वर्षी विहिरीवर इंजिन आले आणि मोट गोठ्यात टांगली गेली. तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. तरी दर दिवाळीला बापू कोंबडी उठवून तिला करडीचे तेल लावायचे. कुणासाठी, ते विचारायची सोय नव्हती.

तर मी तिन्ही पाटलोणी हौदाच्या पाण्याने कमरेपर्यंत भरल्या आणि दारातल्या कडुलिंबाला टांगल्या. सकाळची वेळ, नदीवरून धुके आलेले. शेजारची झुंबरबाई ताक मागायला आली (दर गुरुवारी येते, भांडे मोठे आणते) आणि फाटकातच किंचाळली, "अगं बया, दुर्गे! तुझ्या दारात तीन मानसं टांगली की गं, बिनमुंडक्याची!" पाच मिनिटांत आळी गोळा. हमरस्त्यावर चहाला थांबलेले ट्रकवाले क्लीनरसकट आले. एकाने हिरवीच्या पायाला हात लावून विचारले, ही इकडची पद्धत आहे का. यांनी गच्चीवरून सगळे पाहिले आणि खाली यायचे नाकारले. मी मात्र भाकरी खाल्ली, हात धुतला, पुसला आणि बुडाखाली फिरवला. नायलॉनची गुडघ्यात रडत होती. दोन रबरी कोरड्या ठणठणीत. पाणी नंतर लिंबाच्या झाडाला घातले, वाया गेले नाही.

दोन कोरड्या निघाल्या म्हणजे जी जास्त वर्षे टिकेल ती ठेवायची, हे ओघानेच आले. आणि टिकवायची म्हणजे तेल. आधी कमरेपर्यंतचीला घेतले. घाणीवरचे करडीचे तेल, कोमट करून, बापू लावायचे तसे शिवणीवर अंगठ्याने जिरवून, आतून-बाहेरून, आणि मग चार दिवस उन्हात. पहिल्या दिवशी अशी चमकली की झुंबरबाईसुद्धा म्हणाली, लगनात घाला. दुसऱ्या दिवशी ती फुगली. तिसऱ्या दिवशी बोट लावले की पाक आल्यासारखी तार निघू लागली. चौथ्या दिवशी दोन्ही पाय एकमेकांना असे चिकटले की त्यातून माणूस नाही, मत्स्यकन्याच निघाली असती. सायकलच्या दुकानवाल्याने सांगितले, बाई, रबराला तेल म्हणजे विष. चामड्याला अमृत ते रबराला विष, हे आम्हाला मॅट्रिकपर्यंत कुणी शिकवले नव्हते. मी हिरवीकडे तेलाची वाटी घेऊन निघाले होते, ती यांनी ओढून घेतली आणि उशाशी घेऊन झोपले. दसऱ्यानंतर यांनी एखाद्या गोष्टीसाठी माझ्याशी ओढाताण केली ती ही पहिलीच. मला बरे वाटले, पण दाखवले नाही.

मग नदीवरची परीक्षा. छातीपर्यंतची पाटलोण, तिच्यावर स्वेटर, डोक्याला मफलर. चालताना रबर असे करकरत होते की वाटेतली कुत्री उठून बाजूला झाली. शेंगेच्या भोकात यांना बसवायला महेमूदभाईंनी खांदे दाबले. होडी निघाली, चार हात गेली, आणि हे मागे वळून बघायला गेले (मी बघते आहे का, हे बघायला) तशी शेंग उलटली. पाणी कमरेएवढेच होते, पण पाटलोणीच्या दोन्ही पायांत हवा भरलेली. डोके खाली आणि बूट वर, आभाळाकडे. महेमूदभाई धावले, यांना मानगूट धरून सरळ केले, तर आता छातीवरून आत गेलेले पाणी बाहेर येईना. जी वस्तू पाणी आत येऊ देत नाही ती बाहेर तरी कशी जाऊ देईल? कंबर, मांड्या, पोटऱ्या, सगळे टम्म. पाऊल उचलेना. महेमूदभाई मला ओरडून म्हणाले, "भाभी, घाबरू नका! आदमी सलामत हाय, नुसता पायजमा भरलाय!" मग त्यांनी यांना घाटाच्या उतारावर डोके खाली, पाय वर असे निजवले आणि सगळे पाणी छातीवरून, हनुवटीवरून, मफलरमधून धो धो वाहिले. त्यात बोटभर मासोळी निघाली. दसऱ्यापासूनचा यांचा पहिला मासा. तसेच उलटे पडलेले असताना यांनी तो पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि हसायला लागले. असे हसले की महेमूदभाई खाली बसले. मीही काठावर उभी राहून पोट दुखेस्तोवर हसले. मासोळी मी ओंजळीत घेऊन नदीत सोडली.

दुसऱ्या दिवशी महेमूदभाईंनी युक्ती काढली. पाण्यात शिरण्याआधी उकिडवे बसायचे म्हणजे पायांतली हवा गळ्याकडून निघून जाते, आणि मग छातीखाली दोरी घट्ट आवळायची. आता बराबर चालते आहे. परवा हे घरी आले तेव्हा मी यांचा मोजा काढून आत हात घातला. कोरडा होता. गुडघ्याची सूज निम्मी उतरली आहे. सकाळी जातात, दुपारी येतात, आणि आल्यावर कुठला मासा सुटला ते अर्धा तास सांगतात. सुटलेल्या माशांची लांबी दर दिवशी वाढते आहे. मेथी परत मेथीच्या जागी गेली.

तेव्हा हिरवी पसंत, ती ठेवली. नायलॉनची परत पाठवत आहे. तेलकट झालेली काय करायची ते कळव, तिची किंमत मी देईन, नाही म्हणू नकोस. बेबीनंदाला आशीर्वाद, मुलांना पापा. अक्काची आठवण ठेव आणि छाती झाकून झोपत जा.

तुझी,
दुर्गाअक्का

ता. क. नायलॉनचीला गुडघ्यात सायकलच्या ट्यूबचे ठिगळ लावून घेतले आहे. दुकानाच्या मालकाला दाखवावे की न दाखवावे ते तू ठरव.

ता. क. वर लिहिले आहे की मी काठावर उभी राहून हसले. हसले ते नंतर. आधी, यांचे बूट वर दिसले आणि डोके दिसेना, तेव्हा मी पाण्यात शिरले होते. नऊवारी भिजली की तिचे किती ओझे होते ते तुला कळायचे नाही. गुडघाभर पाण्यात गेले आणि पुढे पाऊल पडेना. हाताच्या अंतरावर होते रे ते, आणि माझा हात पोचेना. महेमूदभाई माझ्या शेजारून पळत गेले म्हणून. यांना यातले काही माहीत नाही, त्यांचे डोके पाण्यात होते. तेव्हापासून मी रोज जपाची माळ घेऊन घाटावर बसते. यांना वाटते, म्हातारपणी भक्ती वाढली.

ता. क. महेमूदभाई आणि कमरबी मुलीच्या बाळंतपणाला जालन्याला निघाले आहेत, सारा रमजान तिकडेच. काठावर कुणी नसेल. नदीवर जाऊ नका म्हटले तर हे ऐकतील, आणि परत गच्चीवर जाऊन बसतील. ते मी म्हणणार नाही. म्हणून आणखी एक पाटलोण पाठव, छातीपर्यंतचीच, जाड रबराची, माझ्या मापाची. बायकांच्या मापाची नसते म्हणाले तर पोरासोरांची बघ, पण आत नऊवारी कोंबता आली पाहिजे. तेल लावणार नाही. यांच्या नजरेला पडू नये म्हणून पार्सलवर "पूजेचे सामान" असे लिही. माझ्या लेखी ते खोटे ठरत नाही. संक्रांतीच्या आत हवी. मिळते की नाही तेवढे उलट टपाली कळव.