डाव्या मागच्या चाकाचा दिवा

प्रति,
मा. ग्राहक तक्रार अधिकारी,
अधिकृत मोटार सर्व्हिस सेंटर,
आळंदी रस्ता, विश्रांतवाडी, पुणे.

अर्जदार : सुरुची दिगंबर आठल्ये, शनिवार पेठ, पुणे.

विषय : टायरमधील हवेच्या सेन्सरविषयीची तक्रार मागे घेणे, तथापि सेन्सर सदोष असल्याचे आपण यापुढेही सांगत राहणे, याबाबत.

संदर्भ : याच विषयावरील अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज आणि आपल्या सेंटरची दोन जॉब कार्डे.

महोदय,

१. सदर गाडी अर्जदाराचे वडील कै. दिगंबर आठल्ये यांची. मार्च महिन्यात ते वारले. त्यानंतर अर्जदाराने गाडी प्रथम सुरू केली तेव्हापासून समोर एक पिवळा दिवा लागलेला आहे. डाव्या मागच्या चाकात हवा नाही, असे त्याचे म्हणणे. हवा व्यवस्थित आहे, असे पेट्रोल पंपाचे, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचे आणि आपल्या सेंटरचेही म्हणणे.

२. आपल्याकडे गाडी दोनदा आणली. पहिल्या वेळी दिवा घालवून देण्यात आला. फाटकाबाहेर पडताच तो परत आला. दुसऱ्या वेळी आपले श्री. दत्तप्रसाद यांनी संगणक लावून पाहिला आणि सांगितले, "मॅडम, सेन्सर वेडा झालाय. बदलावा लागेल. तोवर लक्षच देऊ नका." हाच सल्ला गाडीत आधीपासून लेखी उपलब्ध होता. दिव्याशेजारी वडिलांच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली आहे : 'हा दिवा खोटे बोलतो. कृपया मनावर घेऊ नये.' वडिलांना पाट्या लिहिण्याची सवय होती. जिन्यातला नळ, टपालाची पेटी, शेजाऱ्यांची सायकल, सर्वांना त्यांनी लेखी समज दिलेली आहे. म्हणून मागील अर्जात अर्जदाराने सदर चिठ्ठी पुरावा म्हणून नमूद केली होती. तो पुरावा आता मागे घेण्यात येत आहे. कारण पुढे येईल.

३. अर्जदाराची आई, श्रीमती कुसुम आठल्ये, यांचा फोन नंबर आपल्या नोंदीत आहे. वडिलांनी गाडी शेवटची चालवली ती आईच्या कामासाठी. मावशी हेमा विश्रांतवाडीत राहते. तिला लिंबाच्या लोणच्याची बरणी पोचवायची होती. "रिक्षाने पाठवू," असे वडील म्हणाले. "रिक्षावाल्याच्या हातात बरणी देऊ? अहो, तुम्हीच जाऊन या, पाय मोकळे होतील," असे आई म्हणाली. ते गेले, बरणी दिली, परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत. मावशीने दहाव्याला सर्वांना हसवण्यासाठी सांगितले की, भावोजी आले तेव्हा दोन्ही हात काळे होते. "भावोजी, हाताला काय लागलं?" असे विचारता ते म्हणाले, "तुमच्या विश्रांतवाडीची हवा." सर्वजण हसलेही.

४. तेव्हापासून आई एकच प्रश्न विचारते : "वाटेत त्यांना काही त्रास झाला नसेल ना?" पहिल्या जॉब कार्डाच्या वेळी तिने तो श्री. दत्तप्रसाद यांना फोनवर विचारला. ते म्हणाले, "काही नाही हो आजी, गाडी एकदम ठणठणीत. नुसता दिवा." त्या दिवशी आई पोटभर जेवली. आपल्या सेंटरने आजवर केलेल्या कामांपैकी हे एक काम अर्जदाराच्या मते निर्दोष आहे.

५. सेन्सर बदलण्यासाठी गाडी रिकामी करून आणावी, अशी आपली सूचना होती. त्यानुसार काल अर्जदाराने डिकी रिकामी केली आणि खालची चटई उचलली. तिथे स्टेपनी नव्हती. तिथे डाव्या बाजूचे मागचे चाक होते, खिळ्यासह, पूर्ण बसलेले. त्यावर वडिलांचा रुमाल होता. काळ्या बोटांनी चार घड्या घातलेला. स्टेपनी गेले कित्येक महिने गाडीखाली फिरत आहे आणि तिच्यात हवा उत्तम आहे. सेन्सर मूळ चाकाबरोबर डिकीत आहे. तो सदोष नाही. तो एकटाच खरे बोलत होता, आणि अर्जदार, आपण, पेट्रोल पंप आणि पंक्चरवाला हे सर्व त्याला खोटे ठरवत होतो.

६. वडिलांची दोन वर्षांपूर्वी ॲन्जिओप्लास्टी झाली होती. वजन उचलायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते आणि आईने ते असे अमलात आणले की, त्यांना पाण्याने भरलेला तांब्याही मधल्या खोलीत नेता येत नसे. ज्या गृहस्थांनी त्या दुपारी, उन्हात, आळंदी रस्त्याच्या कडेला एकट्याने चाक बदलले, त्यांना घरी पोचल्यावरही दिवा लागलेलाच दिसला असणार. आईला तो दुसऱ्या दिवशी दिसेल, ती विचारेल, हेही दिसले असणार. चिठ्ठी त्या दिवसापूर्वी गाडीत नव्हती. आदल्या दिवशी अर्जदार आईला बुधवार पेठेत घेऊन गेली होती, तेव्हा तरी नव्हती.

७. सबब विनंती अशी : डिकीतल्या चाकाचे पंक्चर अर्जदारासमक्ष काढून ते मूळ जागी बसवावे. दिवा आपोआप विझेल. मात्र आईच्या फोनवर 'सेन्सर सदोष होता, बदलला' एवढाच संदेश जावा आणि जॉब कार्डावरही तेच लिहिले जावे. न बसवलेल्या सेन्सरचे बिल अर्जदार देईल. खोटी नोंद करता येत नाही असा आपला नियम असल्यास, यापूर्वीच्या दोन नोंदींकडे आपले आदरपूर्वक लक्ष वेधण्यात येत आहे. त्या आपण चुकून केल्या. ही तिसरी जाणूनबुजून करावी, इतकेच मागणे आहे. आईचा फोन आलाच, तर श्री. दत्तप्रसाद यांनीच बोलावे. त्यांचा आवाज तिला पटतो.

८. गाडी आतून पुसताना चिठ्ठी काढू नये. दिवा विझल्यावर तिचा उपयोग काय, असे आपले कर्मचारी विचारतील. उपयोग आहे. आई रोज शेजारच्या सीटवर बसून ती वाचते आणि म्हणते, "बघ, त्यांना आधीच कळलं होतं."

उत्तर लेखी पाठवू नये. टपाल आई उघडते.

आपली नम्र,
सुरुची दिगंबर आठल्ये
दि. १४ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१. जॉब कार्डांच्या प्रती, दोन.
२. पंक्चर झालेले चाक, एक (डिकीत).
रुमाल जोडलेला नाही.