प्रश्नचिन्हाला कोड नसतो

१४ जुलै

आजपासून रोजनिशी. माझ्यासारख्या शांत, संतुलित माणसाच्या आयुष्याची कुठेतरी नोंद असावी. आमच्या मेडिकल कोडिंगचा पहिला नियमच आहे, लिहिलं नाही ते घडलं नाही.

अमेरिकेतले डॉक्टर पेशंटबद्दल पानंच्या पानं लिहितात. इकडे केरळात ओट्टपालममध्ये बसून मी त्या पानांना आजाराचे कोड लावतो, मग तिकडे विमा मंजूर होतो. माझ्याकडे मनाचे आजार. जीएडी, ओसीडी, एडीएचडी, पीटीएसडी. ही अक्षरं आता घरच्या माणसांसारखी झाली आहेत. खरं तर घरच्या माणसांनाच ती चपखल बसतात. अम्मा गॅसचं बटण पुन्हा पुन्हा बघते: ओसीडी. धाकटी बहीण लेखा एकाच वेळी फोनवर बोलते, केस विंचरते आणि माझ्यावर ओरडते: एडीएचडी. मी: काही नाही.

घरूनच काम असतं. विनयन घराबाहेर पडत नाही, असं लोक म्हणतात. बाहेर पडायची गरज पडत नाही, हे जास्त अचूक.

१६ जुलै

लेखाचं लग्न ठरलं! मुलगा सजीव, वीज मंडळात ओव्हरसियर. मुहूर्त तीस ऑगस्टचा, देवळाजवळच्या ऑडिटोरियममध्ये. आमच्या ओसरीवरून त्याचं छप्पर दिसतं.

नवरामुलगा दारात आला की नवरीच्या भावाने किंडीने, म्हणजे तोटीच्या पितळी भांड्याने, त्याचे पाय धुवायचे आणि मग त्याला आत न्यायचं. भाऊ मी एकच. अच्छन, म्हणजे वडील, गेले तेव्हा लेखा चौथीत होती. तिला सायकल मी शिकवली, ह्याच समोरच्या रस्त्यावर. तेव्हा हा मान माझाच.

लेखाने विचारलं, एट्टा, नक्की येशील ना? भावाला कुणी असं विचारतं? जीएडी. उगाच काळजी करत बसण्याचा आजार. मी म्हणालो, येणार म्हणजे काय, सगळ्यांच्या आधी पोचणार.

अम्मा उठली. आत जाऊन गॅसचं बटण बघून आली.

१९ जुलै

निश्चय: रोज थोडं चालायचं. आज फाटकापर्यंत जाणार होतो. रस्त्यावर कुत्रं होतं.

२० जुलै

कुत्रं नव्हतं. पण येण्याची दाट शक्यता होती.

२३ जुलै

वेणू अम्मावन आले. अम्माचे भाऊ, सैन्यातून निवृत्त. आल्या आल्या म्हणाले, काय रे विनया, विटेखालच्या गवतासारखा पांढरा पडलायस. आळसाला काही कोड असतो का रे तुमच्यात?

अशा माणसांवर रागवायचं नसतं. आयुष्यभर फौजेत काढल्यावर पीटीएसडी, म्हणजे जुन्या आघाताचा त्रास, असणारच. मी मायेने तसं सांगितलं. ते म्हणाले, अरे, मी सगळी नोकरी कॅन्टीनच्या स्टोअरमध्ये काढली, साबणाच्या वड्या मोजत. कसला आघात?

नाकारणं हे पहिलं लक्षण.

जाताना अम्माला हळूच म्हणाले, ह्याचं काही खरं नाही, पाय धुवायला आमचा पोरगा निधीश आहेच. लेखा आतून ओरडली, निधीशने किंडी हातात घेतली तर मी मांडवात पाऊल ठेवणार नाही, आधीच सांगून ठेवते! (ओरडणे: नोंद घेतली.)

२६ जुलै

गुडघ्यात काहीतरी आहे. चालायचं तूर्त बंद. सक्ती वाईट.

२८ जुलै

अम्माने तो जुना विषय काढला. कधीकाळी पालक्काडच्या बसमध्ये बसल्यावर मला जरा अस्वस्थ वाटलं होतं. छातीत धडधड, हात बधिर, आता मरतो अशी खात्री. बस अजून स्टँडमधून सुटायचीच होती. कारण उघड होतं. सकाळी पुट्टूबरोबर काळे चणे जास्त झाले होते. स्टँडसमोरच्या दवाखान्यात ईसीजी काढला, एकदम स्वच्छ. तिथल्या एवढ्याशा डॉक्टरणीने कागदावर लिहिलं, पॅनिक, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

अम्मा म्हणते, लग्नाच्या आधी तिला एकदा दाखवून ये. मी नियम समजावला. संशय आहे, शक्यता आहे, प्रश्नचिन्ह आहे, असल्या आजाराला आम्ही कोड लावत नाही. डॉक्टरने ठाम लिहिलं पाहिजे. कोड नाही म्हणजे आजार नाही. अम्मा म्हणाली, मग त्यानंतर तू कधी बसमध्ये का नाही बसलास? मी म्हणालो, त्यानंतर मी पुट्टूसुद्धा खाल्लेला नाही.

 अम्मा पदराला हात पुसत आत गेली.

२ ऑगस्ट

आज मजेशीर चार्ट आला. ओहायोकडची पन्नाशीची बाई. नावं आमच्यापर्यंत येत नाहीत. पॅनिक डिसऑर्डर आणि अ‍ॅगोराफोबिया, म्हणजे घराबाहेरच्या जगाची धास्ती. अंगणाच्या टोकाला टपालपेटी आहे, तिथपर्यंत जाता येत नाही म्हणून रडते. टपालपेटीपर्यंत! कीव आली.

डॉक्टरने लिहिलंय, पेशंट कारणं सांगते. कधी हवा, कधी गुडघा, कधी शेजाऱ्याचं कुत्रं.

खूप हसलो. मग चहा केला.

५ ऑगस्ट

गुडघा पूर्ण बरा. योगायोग.

९ ऑगस्ट

टपालपेटीवालीचा पुढचा चार्ट (जुना गठ्ठा आहे, तिकडे मधे महिने गेलेत). बाई पेटीपर्यंत गेली, हात लावला, परत आली. डॉक्टरने केवढं कौतुक केलंय.

मीही फाटकापर्यंत गेलो. तिचं बघून नव्हे, माझं ठरलंच होतं. कडीला हात लावला. परतताना जरा भरभर आलो, कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या म्हणून. अम्मा म्हणाली, आज कुकर लावलेलाच नाही.

१३ ऑगस्ट

सजीव भेटायला आला. ओसरीवर बसून फणसाचे चिप्स खात होता. मी घराबाहेर का पडत नाही, काय झालंय, काही विचारलं नाही. भलता माणूस.

आपणहून सांगू लागला. पहिल्यांदा खांबावर चढलो ना एट्टा, वर गेल्यावर हातपाय असे लटपटले की खाली येता येईना. खाली सगळी वस्ती जमली. शेवटी म्हातारा लाइनमन शिडी लावून वर आला आणि म्हणाला, साहेब, डोळे मिटा आणि माझ्या बापाला शिव्या देत देत उतरा.

मी त्याला उंचीच्या भीतीचा कोड तोंडपाठ सांगितला. तो हसला. म्हणाला, कोड लावून झाला की मग काय करता? मी म्हणालो, मग काय, पुढचा चार्ट.

बराच वेळ विचार केला. ह्या माणसाला एकही अक्षर लागू पडत नाही. संशयास्पद.

१७ ऑगस्ट

चिंगम महिना लागला, आमचं नवीन वर्ष. अम्माने दिवा लावला.

टपालपेटीवाली कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन पाव घेऊन आली. म्हणजे मुळात आजार तितका गंभीर नसावा. अमेरिकेत डॉक्टर फार वाढवून लिहितात. माझा फाटकाचा विक्रम अबाधित आहे, पण पुढे सरकलेला नाही, कारण मला पाव नको होता.

२२ ऑगस्ट

अम्माने किंडी चिंचेने घासून लखलखीत केली. ओसरीच्या पायरीवर सराव घेतला. ती पायरीखाली उभी राहिली, मी तिच्या पायांवर पाणी घातलं. तिच्या टाचांना इतक्या भेगा आहेत हे मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, अरे, पाणी सगळं बाहेर चाललंय. मी म्हणालो, किंडी जड आहे. ती म्हणाली, रिकामी होत आली आता.

नंतर तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ओले हात होते. सर्दी होईल.

२६ ऑगस्ट

योजना तयार. गाडी थेट ओसरीला लावायची. मी मागच्या सीटवर, डोळे मिटून. दोन मिनिटांचा रस्ता. मागच्या दाराने आत, पाय धुवायचे, परत गाडीत. माणूस चंद्रावर गेला, देवळापर्यंत जायला काय लागतं!

अम्मावनना योजना सांगितली. म्हणाले, पंतप्रधान येणार असले तरी एवढा बंदोबस्त नसतो.

२९ ऑगस्ट

घर पाहुण्यांनी भरलंय. मी खोलीत. काम आहे असं सांगितलंय. काम नाही.

लेखा हातांना मेंदी लावून आली, कोपराने दार ढकलून. जमिनीवर बसली, लहानपणी बसायची तशी. आज ओरडली नाही. म्हणाली, एट्टा, खरं सांग. जमणार नसेल तर आत्ता सांग, मी अजिबात रागावणार नाही. अगं, आपण पाय घरीच धुवू, काही मार्ग काढू. पण उद्या दारात वाट बघायला लावू नकोस. तेवढं नाही सहन होणार मला.

मी म्हणालो, वेडी आहेस का? मी नाही तर कोण येणार?

ती कोपरावर भार देऊन उठली. मग म्हणाली, बरं.

३० ऑगस्ट, सकाळ

आंघोळ केली. कसवाचं, म्हणजे जरीकाठाचं, मुंडू नेसलो, कपाळाला चंदन लावलं. सगळे पुढे गेले. गाडी ओसरीला लागली आहे. किंडी हातात आहे. निघालोच.

३० ऑगस्ट, दुपार

फाटकापर्यंत गेलो.

३० ऑगस्ट, संध्याकाळ

लिहायला हवं, नाहीतर मी उद्या ते घडलंच नाही म्हणेन.

गाडी फाटकातून रस्त्यावर आली आणि पुन्हा तेच. छाती, हात, आता मरतो ही खात्री. मी ड्रायव्हरला थांब म्हणालो आणि दार उघडून पळालो. चप्पल तिथेच राहिली. घरात येऊन कडी लावली. सकाळी फक्त इडली खाल्ली होती. चणे नव्हते.

लग्नाचं नागस्वरम् इथपर्यंत ऐकू येत होतं. मग थांबलं. फोन वाजला, अम्मावन. पुन्हा वाजला, अम्मावन. मग स्क्रीनवर लेखा. मी फोन उशीखाली ठेवला आणि वर बसून राहिलो.

बाकीचं अम्माने सांगितलं. सजीव उन्हात दारात उभा. मुहूर्त टळत चाललेला. लेखा आतल्या खोलीच्या खिडकीतून रस्त्याकडे बघत होती. शेवटी अम्मावननी निधीशला दुसरी किंडी देऊन पुढे केलं. सजीव म्हणाला, राहू दे. आणि धुळीचे पाय घेऊनच आत गेला. लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलं.

सासरी जाण्याआधी दोघं इथे आली. सजीव पायरीखाली अनवाणी उभा राहिला. म्हणाला, पाय अजून तसेच आहेत हो एट्टा, सकाळचीच धूळ आहे, आत कसा येऊ? मी किंडी घेऊन बसलो. अर्धं पाणी त्याच्या मुंडूवर गेलं. तो म्हणाला, सावकाश, घाई कुणाला आहे.

लेखा शेजारी उभी होती. माझ्याकडे बघितलं नाही. फक्त म्हणाली, मी विचारलं होतं.

गाडीपर्यंत पोचवायला सगळे गेले. मी पायरीवर होतो.

३१ ऑगस्ट

टपालपेटीवालीची फाइल बंद. विमानाने मुलीकडे गेली, नातवाच्या शाळेच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेत बसली. शेवटी डॉक्टरने लिहिलंय, पेशंट म्हणते, कारणं सांगण्यात फार वर्षं गेली.

कोड लावला. मग रडलो. त्याला कोड आहे, पण आत्ता आठवत नाही.

५ सप्टेंबर

ओणम. लेखा आली नाही. सासरचं पहिलं ओणम असतं, साहजिक आहे. अम्माने तिसरं पान वाढलं आणि मग उचलून ठेवलं.

८ सप्टेंबर

कोडिंगचा आणखी एक नियम आहे, तो मी इतके दिवस लिहिला नाही. चार्टमध्ये प्रश्नचिन्ह असेल तर आपल्या मनाने गप्प बसायचं नसतं. डॉक्टरला विचारायचं असतं.

स्टँडसमोरच्या दवाखान्यात फोन लावला. ती डॉक्टरीण अजून तिथेच आहे. फोनवरच्या बाईंना सांगितलं, एका कागदावर एक प्रश्नचिन्ह राहिलंय, तेवढं फोनवर मिटवता आलं तर बरं. त्या म्हणाल्या, अहो, ते फोनवर नाही मिटत, समक्ष यावं लागेल. मी म्हणालो, पण पेशंटला घराबाहेर पडता येत नाही. त्या म्हणाल्या, बरं, पेशंट तुमचे कोण?

मी म्हणालो, मीच.

म्हणाल्या, मग कुणाला तरी बरोबर घेऊन या. गुरुवारी सकाळी.

लेखाला फोन केला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला. तिला सांगितलं, दवाखान्यात जायचंय, बरोबर येतेस का. पलीकडे मिक्सरचा आवाज. मग तिने विचारलं, नक्की येशील ना?

मी म्हणालो, माहीत नाही.

मिक्सर बंद झाला. म्हणाली, गुरुवारी नऊला फाटकाबाहेर उभी राहते. उन्हात फार वेळ उभं करू नकोस, एट्टा.

१० सप्टेंबर

उद्या गुरुवार. रस्त्यावर कुत्रं आहे.