किरकोळात आई

ता. ३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कान धरतो. पण कारण ऐकलंस तर पाठ थोपटशील. महिन्याची वीस तारीख उजाडली की खिशात खडखडाट! या ओढाताणीची अगदी किळस आली होती. शेवटी ही आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो आणि घरखर्चाचं अंदाजपत्रक केलं. आवक वर, खर्च खाली. भाडं, किराणा, दूध, वीज, गाडीचा हप्ता, प्रत्येकाला आपापला रकाना. उरलंसुरलं सगळं ‘किरकोळ’मध्ये. आणि गळती निघाली ती नेमकी तिथेच! म्हणून ठरवलं, या महिन्यापासून किरकोळ निम्मं. सोबत नक्कल पाठवतोय. भावोजींना दाखव, मला उधळ्या म्हणतात ना!

आई बरी आहे. रक्तदाब आणि गुडघे, नेहमीचंच.

माया आहे तेवढी राहू दे, तिच्यात काटकसर नको.

तुझा,
धाकटा

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. (रीत म्हणून लिहिले. खरं तर हात शिवशिवतोय.)

तुझी नक्कल जेवताना उघडली आणि ताट बाजूला सारलं. किरकोळ: न्हावी, बल्ब, झुरळांचं औषध, आईच्या गोळ्या, आईचा चष्मा, सुतळी. शी! झुरळांचं औषध आणि आईचं औषध एका ओळीत! गाडीच्या हप्त्याला स्वतंत्र रकाना, आणि जिनं तुझं हगणंमुतणं काढलं तिला सुतळीच्या शेजारी जागा? वर ते निम्मं करायचं! अरे, जनाची नाही तर मनाची तरी! ह्यांना दाखव म्हणतोस, कोणत्या तोंडाने दाखवू? घडी घालून डब्यामागे कोंबलंय.

मीच तिला घेऊन आले असते, पण आमचा तिसरा मजला, तिचे गुडघे, त्यातून पोरीची परीक्षा. तेव्हा तूच काय ते सुधार. वहिनीला सांग, मी तिच्यावरही चिडले आहे.

रागातही लोभ आहे, हे तुझं नशीब.

तुझी,
ताई

ता. १४ मार्च

ती. ताईस,
नमस्कार. बाकीचं तू समजून घे.

तिसऱ्या मजल्यावरून उपदेश करायला काय जातं? तुझ्या घरखर्चात आईचा रकाना कुठे आहे, तेवढं कळव. मला तुझ्या शहाणपणाचा वीट आलाय. आणि आईची काहीएक तक्रार नाही. तिने तो कागद वाचला, हसली, आणि आपण होऊन गोळी एक दिवसाआड घ्यायला लागली. निम्म्यात बसतं म्हणाली. मग तुझ्याच पोटात का दुखतंय?

लोभाचं तूच ठरव.

धाकटा

ता. २६ मार्च

चि. ताई आणि चि. धाकट्या,
दोघांना उदंड आशीर्वाद.

धाकट्या, काल तुम्ही कामावर गेल्यावर मी पेटी घेऊन निघाले, ते चिठ्ठीत लिहिलंच होतं. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याने माडीवरची खोली दिली आहे. त्याच्याकडे येणाऱ्या कपड्यांची तुटकी बटणं लावते, उसवलेलं शिवते. तुमचे शाळेचे सदरे मीच शिवायचे, तेव्हा उगाच गळा काढू नका.

एक दिवसाआड गोळी घेऊन पाहिली. दोनदा मोरीत भोवळ आली. वाटलं, कुणीतरी विचारेल, आई, आज गोळी का नाही घेतलीस? कुणी विचारलं नाही. निम्म्यात बसलं म्हणून तुम्ही खूशच झालात.

ताई, तुझं पत्र टेबलावर उघडंच पडलं होतं. पानभर किळस, आणि ‘आई, ये’ एवढी एक ओळ नाही. तिसरा मजला मी बसत-उठत चढले असते गं. खरं सांगू? मला तुम्हा दोघांचीही शिसारी आली. माझी पोरं अशी, म्हणून माझीही आली.

आता मीही अंदाजपत्रक केलंय. पहिला रकाना गोळ्यांचा, रोजच्या. मग भाडं, मग दूध. तुमच्या दोघांच्या चहाची साखर किरकोळात धरली आहे. पण माझ्याकडे किरकोळ निम्मं होत नाही.

लोभ पत्रात नको, जिना चढून आणा.

तुमची,
आई