घण, सोलर अन् ओला फडका

१० एप्रिल, सकाळी ७
गच्चीवर सोलर बसलं! खाली बॅटरी, बाजूले आपल्या स्कूटरचं चार्जिंग. आता अख्ख्या नागपूरची लाइट जाऊ दे, ह्या ताराचंदचा कूलर बंद पडत नाही. बायको चंद्रकला म्हणे, मिक्सर फोडला, टीव्ही फोडला, आता कशावरही हात उगारला तर मी सावनेरले भावाकडे निघून जाईन, परत येणार नाही. उगाच घाबरते. तीस वर्षं थर्मल वीजकेंद्रात कोळसा खाली सोडायची चूट जाम झाली की घण हाणून मोकळी केली. सवय आहे, राग नाही. तरी संकल्प: आजपासून हात खिशात.

१७ एप्रिल
बॅटरी भरतच नाही. चंद्रकला म्हणे, पॅनलवर थर्मलच्या कोळशाची राखड बसली, ओला फडका मारा. तीस वर्षं राखडीत काढली मी, अन् हे बाई मले राखड शिकवून राहिली! सोलर कंपनीच्या भूपेशले फोन केला. उद्या येतो म्हणे.

२१ एप्रिल, दुपारी २
हरामखोर आला नाही. इन्व्हर्टरवर लाल लाइट. एकच चापट मारली, तेही प्रेमानं. झाली हिरवी! ह्याले म्हणतात अनुभव. चापट म्हणजे मार नाही, संकल्प शाबूत.

२६ एप्रिल
बॅटरी तीस टक्के. चोर सापडला! शेजारच्या वामनरावची स्कूटर रोज फुल चार्ज कशी? शांतपणे विचारलं, कॉलर धरून. म्हणे, काहून गा ताराचंद, डोकं फिरलं काय, माझ्या मीटरवर लावतो मी. खोटारडा! नाकावर ठेवून दिली एक. त्यानं चप्पल हाणली. माझा दात पडला, पण तो हलतच होता. चंद्रकलानं हळद लावली, त्याच्या नाकाले! मले फक्त म्हणे, फडका मारला काय? बॅग भरून ठेवली तिनं. नाटक आहे सारं.

२ मे, दुपारी ३
पंचेचाळीस डिग्री. लाइट गेली, बॅटरी शून्य, कूलर ठप्प. दिवाणाखालून घण काढला. नुसता धाक दाखवणार होतो. बॅटरीवर तीन हाणले. पहिल्यानं पेटी चेपली, दुसऱ्यानं धूर निघाला, तिसरा उसळून माझ्याच उजव्या मनगटावर बसला. नाकाले पट्टी लावलेला वामनराव रेतीची बालटी घेऊन धावला. रेती टाकली अन् मले दोन लाथा घातल्या. चंद्रकलानं बॅग उचलली. वामनरावनंच तिले स्कूटरवर बस स्टँडपर्यंत सोडलं. येईल संध्याकाळपर्यंत.

९ मे
डाव्या हातानं लिहून राहिलो. आली नाही. फोन उचलत नाही.
आज भूपेश आला. गच्चीवर गेला, पॅनलवर बोट फिरवलं, काळं झालेलं बोट मले दाखवलं. म्हणे, काका, पॅनल एकदम चांगले आहेत, फक्त राखड पुसायची होती. बॅटरी मात्र गेली. मग म्हणे, एक ओला फडका द्या.
सारं घर धुंडाळलं. चाळीस वर्षं झाली लग्नाले, फडका कुठं ठेवते ते मले माहीतच नाही.