कृती आमची, माल कंपनीचा

भोर, मंगळवार

प्रिय सावळाराम यास,

दीनानाथाचा गळाभेटीसह रामराम. (वयाने मी चार महिन्यांनी थोरला, म्हणून आशीर्वादच लिहिणार होतो, पण पुढचा मजकूर मनात घोळवल्यावर रामराम बरा वाटला.) गुडघा कसा आहे? लेकीकडे आरामाला गेलेला माणूस तिच्याच गोठ्यात शेण काढताना दिसला, अशी बातमी भोरच्या बाजारात आली आहे. रत्नाला सांग, तेलाची बाटली तुझ्या हाती देऊ नकोस, स्वतः चोळ. आमच्याकडे सर्व कुशल. आमच्या सौ. मालिनीचा खोकला गेला, माझा आला.

रत्नाचं आंबवडे इथून हाकेवर, खिशात मोबाईल, आणि हा बाबा पत्र का लिहितो, असं तू म्हणशील. पत्राची एक खुबी आहे. समोरच्याला मध्ये बोलता येत नाही.

तर आमची नात सृष्टी दोन महिन्यांपासून इथे आहे. पुण्याची नोकरी ती घरातूनच करते, आणि नोकरी झाली की लिनक्सची सेवा करते. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी एक सार्वजनिक व्यवस्था. गावच्या पाणवठ्यासारखी, कोणीही यावं, घागर भरावी, आणि सवड असेल त्याने गाळ काढावा. तिथे एक कोठीवालाही असतो. त्याच्याकडे एखादी वस्तू मागितली की तिला लागणाऱ्या बाकीच्या वस्तूही तो आपणहून काढून देतो. (पुरणपोळीचं सामान मागावं आणि जायफळही न सांगता पुडीत यावं, तसं.) कोठीत वस्तू नीट बांधून ठेवणं हे सृष्टीचं काम.

आता एक कंपनी ग्राफिक कार्ड बनवते. ही कार्डं मुळात खेळांतली चित्रं रंगवायला निघाली, पण पुढे कोणाच्या तरी लक्षात आलं की त्यांना गणितं उत्तम येतात. साधा संगणक म्हणजे पहिल्या बाकावरचा एकच हुशार मुलगा, आणि हे कार्ड म्हणजे अख्खा वर्ग एकदम पाढे म्हणतोय. तुला आठवतं ना, आपल्या वर्गाचे पाढे नीरेच्या घाटापर्यंत ऐकू जायचे? पावसाने कौलं वाजत असायची आणि त्यावर आपला एकोणतीसचा पाढा. तसे पाढे आता पोरं म्हणत नाहीत. असो.

या कार्डाकडून गणितं करून घ्यायची तर कंपनीचीच सामग्री लागते आणि ती येते सीलबंद. डबा उघडून बघायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही. मग कोठीत ठेवायचं काय? तर फक्त कृती. माल कंपनीच्या दारातून ज्याचा त्याने आणायचा. तो कुठे मिळतो, कसा मांडायचा, शेजारी काय हवं, एवढं सृष्टीने लिहायचं. त्यातही तो माल हट्टी. कंपनीच्या घरी मीठ डाव्या फळीवर असतं, म्हणून इथेही तो डाव्या फळीवरच हात घालतो आणि मीठ नाही म्हणून रुसतो. त्याला नव्या घरातल्या फळ्या दाखवत पोर महिनाभर बसली होती. तिच्या एकटीच्या नावावर कोठीत जाणारी ही पहिलीच वस्तू.

मी या भानगडीत पडलो तो वृत्तांमुळे. कृती लिहून झाली की एक तपासनीस प्रोग्राम ती वाचतो आणि ओळीतली अक्षरं मोजतो. ठरल्यापेक्षा एक जास्त झालं की कृती परत. सावळाराम, माझा ऊर भरून आला. आपले गुरुजी टेबलावर छडीने मात्रा मोजायचे (आणि माझी चुकली तरी छडी तुला बसायची, कारण तू हाताशी होतास), त्यांच्यानंतर ओळ मोजणारा कोणी उरलाय असं मला वाटलंच नव्हतं. त्या उमाळ्यात मी माल घेणाऱ्यासाठी चार ओळींची सूचना रचून सृष्टीला दिली.

कृती तुझ्या मी हाती देतो,
माल तयांच्या दारी मिळतो;
डबा न उघडी, वाटु नको रे,
अटी वाचुनी मग म्हण ‘घेतो’.

प्रत्येक ओळीत सोळा मात्रा, मोजून घे. तिने त्या गमतीने कृतीत चिकटवल्या, काढायच्या विसरली, आणि कृती गेली जगभरच्या जाणत्यांपुढे. तपासनिसाने सृष्टीच्या एका ओळीमागची मोकळी जागा पकडली. माझ्या चारही ओळी बिनतक्रार. (हे मी घरात तीनदाच बोललो. मालिनी उगाच जास्त सांगते.) कुठल्याशा बर्फाच्या देशातल्या परीक्षकाने विचारलं, हे काय आहे? सृष्टीने शरमून अर्थ कळवला. त्याने लिहिलं की आयुष्यात पहिल्यांदाच अटींची सूचना शेवटपर्यंत वाचली, राहू द्या. पण खाली दुसरी ओळ होती. कृती नव्या कार्डावरच तपासलेली दिसते. जुन्या कार्डावरही चालवून दाखवा, शनिवार ही शेवटची मुदत. चुकली तर पुढची फेरी सहा महिन्यांनी.

पोरीचं तोंड उतरलं. जुन्या कार्डाचा संगणक भोरात कुणाकडे? मला तुझा इंद्रजित आठवला. लग्नाची शूटिंगं जोडायला त्याने कापूरहोळहून आणलेलं ते यंत्र! फोन केला तर स्वारी कुठल्याशा नवरा-नवरीला तोरण्याच्या पायथ्याशी पळायला लावत होती. म्हणाला, “काका, मशीन खुशाल वापरा, आईकडं चावी हाय. ड्रॉवरमधली कोरी डिस्क लावा. पर माझ्या लग्नांना हात लावू नका, एकेक नवरीची आई लई खमकी हाय.”

शनिवारी सकाळच्या एसटीने आम्ही तुमच्या वेल्ह्यात. चंद्राबाई वहिनींनी इंद्रजितचं दुकान उघडलं, चहा दिला, आणि सृष्टी कंपनीच्या दारातून नव्याने माल ओढत बसली. रेंज येई-जाई. वहिनींना ते बघवेना. पोरीकडे भोरला तोच माल असताना परत कशाला, असं त्यांनी विचारलं. सृष्टीने अट समजावली, की एकाने आणलेला दुसऱ्याला देता येत नाही.

“म्हंजी वानवळासुदिक द्यायचा न्हाई? कसली वं भावजी ही माणसं,” वहिनी म्हणाल्या, आणि आम्हाला घरच्या वालांचा पिशवीभर वानवळा दिला. कंपनीला टोमणा होता तो.

दुपार कलल्यावर माल उतरला. सृष्टीने गणितं सोडली, पंखा असा घोंगावला की शेजारच्या दोन बाया गिरणी सुरू झाली समजून दळण घेऊन आल्या. पहिल्यांदा मालाला मीठ सापडेना. सृष्टीने एक ओळ बदलली. मग पडद्यावर हिरव्या खुणा उमटत गेल्या, एकामागून एक, आणि शेवटची उमटली तेव्हा तिने माझा हात इतका घट्ट धरला की सावळाराम, मला ती पहिलीत जाताना धरायची तसा वाटला. संध्याकाळी एसटी स्टँडवर उभ्याउभ्या निरोप आला: कृती स्वीकारली. आता जगात कुठेही कोणी ती वस्तू मागवली, तर सांभाळणारी म्हणून आमच्या सृष्टीचं नाव आहे. याला तुझ्या घरचं यंत्र आणि वहिनींचा चहा कारण झाले. हे उपकार कळवावेत म्हणूनच हा पत्रप्रपंच, दुसरं काही नाही.

रत्नाच्या घरच्या वडीलधाऱ्यांना माझा वाकून आणि पोरांना गालगुच्चा घेऊन नमस्कार पोचव.

तुझा बाकसोबती,
दीनानाथ

ता.क. वालाची उसळ झकास झाली. वहिनींना सांग.

ता.क. दुसरा. इंद्रजितला रागावू नकोस. ड्रॉवरमध्ये पुष्कळ डिस्का होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी: अमक्याचं लग्न, तमक्याची हळद. एकीवरच काही लिहिलेलं नव्हतं. सृष्टीने विचारलं, आजोबा, हीच कोरी ना? मी चाळीस वर्षं वह्या तपासलेला माणूस. ज्यावर काही लिहिलेलं नाही ते कोरं, असं सांगून मी ती तिच्या हातात दिली. तिने पुसून त्यावर लिनक्स बसवलं. काल इंद्रजितचा फोन आला. रागावला नाही, तेच जास्त लागलं. “त्यात दादांचा अमृतमहोत्सव व्हता, काका. बापाच्या डिस्कवर नाव कशाला लिहू? ती मला ठावं व्हतीच की.”

ता.क. तिसरा आणि शेवटचा. सृष्टीने कालपासून नाना खटपटी केल्या, एक चित्रही परत आलं नाही. ती रडली, तुझी माफी मागायला आंबवड्याला निघाली होती. मीच थांबवलं, चूक माझी म्हणून. तेव्हा आता विनंती अशी, की अमृतमहोत्सवातलं ते भाषण तू पुन्हा कर. हार मी आणतो, इंद्रजित कॅमेरा लावील, मंडळी वहिनी जमवतील. नाही म्हणू नकोस. त्या दिवशी शेवटची एसटी चुकेल म्हणून मी तुझं भाषण अर्धं टाकून उठलो होतो, आणि लोक म्हणतात की तू शेवटी माझ्याबद्दल काहीतरी बोललास. काय ते कोणी नीट सांगत नाही. या खेपेला मी मुक्कामालाच येतो.