बुरशीवाल्यांच्या कप्प्यातली पेटी

प्रिय धांदरट,

तुझं पत्र येऊन महिना झाला तरी माझं उत्तर नाही, म्हणून फुगून बसली असशील. बस. तो तुझा हक्कच आहे, आणि हे वाचून झाल्यावर तो वाढणार आहे. फोन मी तीनदा हातात घेतला होता. पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला हसवतेस आणि मला जे सांगायचं असतं ते तसंच राहतं. असं अकरा वर्षं राहिलंय. म्हणून कागद घेतला. शेवटपर्यंत वाच, मध्येच चहा ठेवायला उठू नकोस.

आधी इकडची खबरबात. प्रयोगशाळा तीच, दुसऱ्या मजल्यावरची. तुझ्या टेबलाजवळची खिडकी अजून अर्धीच उघडते. काचेचं सामान धुणाऱ्या मावशी पुढच्या वर्षी निवृत्त होतील; नळाखाली बाटल्या विसळता विसळता अजून विचारतात, ती हसरी कुठे असते हल्ली. शाळेत विज्ञान शिकवते म्हटलं की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, बरं झालं बाई, इथे नुसते चेहरे पाडून बसतात सगळे. सर निवृत्त झाले, घरी बाग करतात आणि रोपांना चिठ्ठ्या लावतात, तारखेसकट. त्यांच्या खोलीत आता मी बसते. त्या खुर्चीत बसल्यावर पाय जमिनीला टेकत नाहीत हे मी फक्त तुला सांगतेय.

मागे एकदा तुझी लेक सांगत होती की तू आरएनएला निरोप्या म्हणून शिकवतेस. डीएनएकडून निरोप घ्यायचा, पेशीत नेऊन पोचवायचा, मग त्यावरून प्रथिन तयार होतं. ऐकून मला हसू आलं, कारण आपण ज्याच्या मागे चार वर्षं घालवली तो निरोप न देणारा आरएनए होता. त्यापासून प्रथिन बनत नाही, म्हणून लोकांनी त्याच्या सगळ्या भावंडांना कचऱ्यात काढलं होतं. तू त्याचं नाव ठेवलंस रिकामटेकडा. सर म्हणायचे, आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी हा रिकामटेकडा ढिगाने साठवतात. घरातसुद्धा उगाच कोणी इतकं सामान साठवत नाही, तेव्हा कारण शोधा. आणि तू शोधलंस. त्याला गप्प केलं की त्या पेशींची वाढच थांबते, हे तू दाखवलंस. अजून डोळ्यांसमोर आहे. एका बशीत जांभळे ठिपके भरभरून, एकेक ठिपका म्हणजे वाढलेल्या पेशींचा एकेक पुंजका. शेजारच्या बशीत, जिथे रिकामटेकडा गप्प होता, तिथे जेमतेम नऊ. तू पेनने टिंब देत ते तीनदा मोजलेस आणि मावशींना मिठी मारलीस. त्यांच्या हातातला चंबू फुटला.

पुढचं तुला पाठ आहे, तरी लिहिते, कारण माझ्या बाजूने तू ते कधी ऐकलेलं नाहीस. सर म्हणाले, छापण्याआधी पुन्हा करून बघू, पेशी नव्याने वाढवून. तुझ्या मूळच्या गोठवलेल्या पेशींची पेटी गोठवणीच्या टाकीतून काढायला गेलो तर पेटी जागेवर नाही. तू रडकुंडीला आलीस. सगळे म्हणाले, हिचं नेहमीचंच. आणि खोटं का बोला, होतंच ते नेहमीचं. एका पायात निळी आणि एका पायात काळी चप्पल घालून आलेली तूच, आणि बुरशीवर काम करणाऱ्यांच्या खोलीत आपला डबा विसरून येणारीही तूच. मग सरांनी ठरवलं, की पेशी मोजपट्टीकडच्या घ्या. मोजपट्टी म्हणजे मी, सगळं मोजूनमापून करते म्हणून तू ठेवलेलं नाव. मी वाढवत ठेवलेल्या त्याच जातीच्या पेशींवर तू प्रयोग केलास, एकदा, दोनदा, तीनदा. दोन्ही बशा सारख्याच जांभळ्या. मग मी केला, तेच. सोमवारच्या बैठकीत सर रागावलेसुद्धा नाहीत. हळू आवाजात एवढंच म्हणाले, की पहिल्या वेळी तुझ्याकडून नळ्यांची अदलाबदल झालेली दिसते. मला वाटलं होतं तू भांडशील. तू मान हलवलीस. झाली असेल, म्हणालीस. दोन महिन्यांत तू गेलीस. रिकामटेकड्याचा काही परिणाम नाही असा लेख मी माझ्या नावावर छापला, आणि पुढची नोकरी मला त्याच लेखावर मिळाली.

आता मार्च महिन्यातली गोष्ट. ती जुनी गोठवणीची टाकी बदलायची होती, म्हणून सगळे कप्पे एकेक करून बाहेर काढले. बुरशीवाल्यांच्या कप्प्यात, अगदी तळाला, एक पेटी निघाली. त्यांनी माझ्याकडे आणून दिली, म्हणाले, हे आमचं नाही, आमच्याकडे कोणी झाकणावर मांजर काढत नाही. मी पेटी उघडली. बारा कुप्या, बाराही झाकणांवर मिशीवालं मांजर, आणि तुझ्या गोलमटोल अक्षरात तारीख. तुझा धांदरटपणा असा कामाला आला बघ. पेटी बरोबर जागेवर ठेवली असतीस तर तू गेल्यावर आम्ही ती कधीच टाकून दिली असती.

हल्ली प्रयोगाआधी पेशींची ओळख पटवून घ्यावी लागते, बोटांच्या ठशांसारखी. आपल्या वेळी ते कोणी करत नसे. तुझी एक कुपी पाठवली. सोबत त्याच वर्षीची माझी एक पाठवली. का पाठवली हे माझं मला माहीत होतं. आठ दिवसांनी कागद आला. तुझ्या पेशी आतड्याच्या कॅन्सरच्या, अगदी असायला हव्यात त्याच. माझ्या कुपीवर नाव तेच, अक्षर सुबक, पट्टी सरळ चिकटवलेली, पण आत भलत्याच पेशी. माझ्याच दुसऱ्या प्रयोगातल्या, त्या दांडगोबा, ज्या दोन दिवसांत बाटली भरून टाकायच्या. त्यांना रिकामटेकडा असला काय, नसला काय, सारखंच. म्हणजे तू तीनदा जो प्रयोग केलास, तो तुझ्या पेशींवर झालाच नव्हता.

कसं झालं तेही मला ठाऊक आहे, दिवसासकट. गुरुवार होता. बाबांच्या तपासणीचा निकाल चारला मिळणार होता आणि मला साडेतीनला निघायचं होतं. एका वेळी एकाच जातीच्या पेशी उघडायच्या, प्रत्येकीची पोषक द्रवाची बाटली वेगळी, हा नियम मीच कागदावर लिहून भिंतीला लावला होता. त्या दिवशी आतड्याच्या आणि दांडगोबा, दोन्ही एकदम उघडल्या आणि एकाच बाटलीतून दोघींना द्रव दिला. नळीच्या टोकाला चिकटून दोनचार दांडगोबा बाटलीत गेल्या असतील आणि तिथून मी वाढवत ठेवलेल्या आतड्याच्या पेशींत. तेवढ्या पुरतात. महिन्याभरात त्यांनी आतड्याच्या पेशींना हुसकून सगळी जागा बळकावली.

इथपर्यंत ती चूक होती. चुका आपल्या धंद्यात सगळ्यांकडून होतात आणि एवढंच असतं तर मी तुला फोनवरच सांगितलं असतं. पण पुढचं आहे. तुझ्या दुसऱ्या प्रयोगाच्या आधी मी सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी पाहिल्या होत्या. तुझ्या पेशी फरसबंदीसारख्या एकमेकींना चिकटून बसायच्या. ह्या लांबट होत्या, सुट्या सुट्या. मला शंका आली. नीट आली. तो गुरुवारही आठवला. मी मनाशी म्हटलं, जुन्या झाल्यात, म्हणून अशा दिसतात. सोमवारच्या बैठकीत तू मान हलवत होतीस तेव्हा मी समोरच बसले होते आणि वहीत उगाच रेघा ओढत होते. एक वाक्य बोलायचं होतं, की सर, माझ्या पेशी एकदा तपासू या. मी भ्याले. मोजपट्टी चुकली असं कोणी म्हणेल याला भ्याले. बाबांचं सगळं चालू होतं हे खरं, पण ते कारण नव्हतं, आणि त्याच्या आड लपायचं नाही असं मी ठरवलंय.

मागच्या वर्षी तुझ्याकडे राहिले तेव्हा आपण फिरायला निघालो होतो. तू जिन्यावरून तीनदा मागे गेलीस, गॅस बंद केला का पाहायला. बंदच होता. पेपर तपासतानाही तू प्रत्येक बेरीज दोनदा करून वर लेकीला करायला लावतेस. मी चिडवलं, तर सहज म्हणालीस, माझ्या हातांवर माझा भरवसा नाही गं, तुला तर माहितीच आहे. तुला तर माहितीच आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. तुझी नोकरी, तुझं नाव, ते गेलंच; पण तुझा हातांवरचा भरवसाही मी नेला, आणि वर तुझ्याकडे पाहुणचार घेतला.

तुझ्या हातांनी काहीही अदलाबदल केली नव्हती. हे वाक्य पुन्हा वाच. लेकीलाही वाचून दाखव.

तुझ्या कुप्यांतल्या पेशी अकरा वर्षांनी जाग्या झाल्या, पहिल्याच आठवड्यात वाढायला लागल्या. रिकामटेकड्याला गप्प करून प्रयोग दोनदा केला. पहिल्या वेळी अकरा ठिपके, दुसऱ्या वेळी आठ. तुझे नऊ होते. माझा जुना लेख मागे घेत असल्याचं पत्र मी आज सकाळी पाठवलं, कारणासकट, गुरुवारासकट, गप्प बसण्यासकट. सरांच्या घरी जाऊन सांगून आले. ते बराच वेळ रोपांना पाणी घालत राहिले, मग म्हणाले, तिला आधी सांग. ते छापून येईल तेव्हा तुला कोणा तिसऱ्याकडून कळू नये, म्हणून हे पत्र. तू माफ करशील की नाही यावर त्यातलं काही अडलेलं नाही. ते तू सावकाश ठरव, नाहीच केलंस तरी मी समजून घेईन. आता एकच मागणं आहे. तिसऱ्या वेळच्या बशा येत्या शनिवारी तयार होतील. मी रंग देऊन ठेवीन, पण मोजणार नाही, दुसऱ्या कोणाला मोजू देणार नाही. नव्या लेखावर पहिलं नाव तुझं आहे, तेव्हा ते ठिपके तुझ्या हातांनी मोजले गेले पाहिजेत. सकाळी दहाला ये. एकदाच मोजायचे, तीनदा नाही. मावशींना सांगून ठेवलंय, त्या चंबू आधीच बाजूला ठेवणार आहेत.

मोजपट्टी अशी सही करायला हात धजत नाही. दुसरं नाव तूच ठेव.

तुझीच